संसारोपयोगी : सरळ रेघेची करवत

मागील अंकांत घराच्या दुरुस्तीचा हिशेब कसा ठेवावा याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं सांगलीकडील एका गृहस्थांचें पत्र जरा निराळें आहे. तिघे बंधु एकत्र राहतात. जुन्या घरावर मजला चढवीत आहेत. सात कपाटें, ओट्याखालचे कप्पे, मुलांच्या अभ्यासाचीं मेजें आणि सहा दारें एवढें लाकूडकाम मिस्त्री घरीं बसवून करवून घ्यावयाचें आहे. धाकट्या बंधूंची पत्नी म्हणते कीं, या कामासाठीं ‘ट्रॅक सॉ’ आणि तिची पट्टी विकत घ्यावी. थोरले बंधु म्हणतात, "सुताराला करवतसुद्धां आपणच द्यावयाची काय? मग उद्यां आचाऱ्याला झाराही द्यावा लागेल!" मधले बंधु, म्हणजे पत्रलेखक, दोहोंच्या कात्रींत सांपडले असून त्यांनीं निवाडा माझ्याकडे सोंपविला आहे.

आचाऱ्याची गोष्ट आधीं निकालांत काढतों. लग्नाकार्यांत आचाऱ्याला पातेलीं, पराती आणि झारे आपण यजमानांनींच पुरवावे अशी आपली जुनी रीत आहे, आणि त्यांत कोणा यजमानाला कमीपणा वाटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. तेव्हां थोरल्या बंधूंनीं दृष्टान्त निवडला तो त्यांच्याच विरुद्ध जाणारा आहे. आतां मूळ वस्तूकडे वळूं.

‘सुतार’ हा शब्द संस्कृतांतील ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला. नाटकांतला सूत्रधार आपणां सर्वांस परिचित आहे. पण लाकडावर काव लावलेली दोरी ताणून, ती मधोमध चिमटीनें उचलून सोडणारा आणि त्या एका फटक्यासरशीं तांबडी सरळ रेघ उमटविणारा आपला सुतार हाही त्याच नांवाचा धनी. करवत ही ‘करपत्रा’पासून आली, ती तिच्या जागीं थोर आहेच; परंतु धंद्याला नांव मिळालें तें करवतीवरून नव्हे, दोरीवरून. रेघ मारणें सोपें. त्या रेघेवरून पातें शेवटपर्यंत नेणें कठीण. हातकरवत सावकाश चालते, म्हणून डोळ्याला तिला आवरावयास सवड मिळते. विजेच्या करवतीजवळ ती सवड नाहीं. हातांत धरण्याची विजेची गोल करवत अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत आली. तिनें वेग दिला; रेघेची जबाबदारी मात्र कारागिराच्या मनगटावरच ठेवली.

प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट असतो, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. त्याच्या एका टोंकाशीं पातें अवघें अर्धा अंश तिरपें शिरलें आणि तसेंच पुढें गेलें, तर दुसऱ्या टोंकास वीस मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो. हें लक्षांत येऊन कारागीर मध्येंच हात वळवूं लागला, तर आणखी वाईट. गोल पातें चिरेंत वळत नाहीं. तें कडांना घासतें, अडकतें, आणि अडकतांच सगळें यंत्र उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर मागें येतें. कपाटाचें दार नीट न बसणें आणि माणसाचें बोट तुटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत असें आपण समजतों. परंतु दोहोंचा उगम पुष्कळदां एकच असतो, तो म्हणजे वाटेवरून ढळलेलें पातें.

त्यांतून आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं प्लायवूड कापावयास गोल करवतही वापरीत नाहींत. फरशी कापण्याचें मार्बल कटर घ्यावयाचें आणि त्यावर लाकडाचें दांतेरी पातें चढवावयाचें, ही सर्रास चाल आहे. यंत्र स्वस्त, हलकें, एका हातांत मावणारें. पण तें ज्या कामासाठीं घडविलें आहे त्याचें पातें हिऱ्याच्या कणांचें असतें आणि तें घासून कापतें. त्याला लाकडांत रुतणारे दांते नसतात. त्याचे फेरे मिनिटास बारा हजारांच्या आसपास. पात्याचा खालचा भाग उघडा. काम थांबतांच आपोआप मिटणारें झांकण त्याला नाहीं, आणि चीर मिटूं न देणारी पात्यामागची पोलादी जीभही नाहीं. कांहीं मिस्त्री तर तेंच यंत्र उलटें करून एका तक्त्याखालीं बसवितात, पातें वर काढतात आणि हातानें फळ्या त्यावर ढकलतात.

आमच्या पलीकडच्या इमारतींत दोन वर्षांमागें अशाच उलट्या यंत्रावर विशींतल्या एका पोराच्या डाव्या हाताच्या दोन बोटांचीं पेरें गेलीं. घरमालक सज्जन होते. दवाखान्याचा खर्च त्यांनीं केला. आठ दिवसांत दुसरा पोरगा आला, कपाटें पुरीं झालीं, सनमायका चढली आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला आम्ही सर्व जाऊन आलों. कपाटें सुरेख झालीं होतीं. मजुरीचा दर चौरस फुटावर ठरलेला होता आणि तो ठरवितांना घासाघीस पुष्कळ झाली होती, हें मला ठाऊक होतें, कारण त्या घासाघिशींत शेजारधर्म म्हणून मलाही बसविलें होतें. कमी दरांत जास्त फूट भरावयाचे असले कीं कारागीर पहिली काटकसर झांकणावर आणि दुसरी वेळेवर करतो. हें लिहिण्याचें कारण एवढेंच कीं, ‘अवजार हा सुताराचा प्रश्न’ असें म्हणून यजमानाला सुटतां येत नाहीं.

ट्रॅक सॉ ही मूळची गोल करवतच. पण तिचें पातें पेटींत झांकलेलें असतें आणि दाबल्याशिवाय खालीं उतरत नाहीं. हात सैल सोडतांच कमानीच्या जोरानें तें पुन्हां पेटींत जातें. हिच्याखालीं घालावयाची ॲल्युमिनियमची लांब पट्टी, जिला बाजारांत गाइड रेल म्हणतात, हीच या साऱ्या रचनेंतील मुख्य वस्तु. पट्टीच्या पाठीवर एक उंचवटा असतो. यंत्राच्या तळांतील खांच त्यावर बसते, आणि मग आगगाडी रुळावरून जावी तसें यंत्र त्या एकाच वाटेनें सरकतें. पट्टीच्या पोटाला न घसरणाऱ्या मऊ पट्ट्या असतात. कडेला रबरासारख्या पदार्थाची अरुंद किनार असते, आणि पातें बरोबर त्या किनारीला लागून जातें. म्हणून साध्या करवतीला जसें ‘तळाच्या कडेपासून पात्यापर्यंत इतके मिलिमीटर’ असें दर वेळीं वजाबाकीनें काढावें लागतें, तसें येथें नाहीं. दोन खुणा करा, किनार त्या खुणांवर ठेवा, कापा. गोल करवतीचे दांते खालून वर येत कापतात, त्यामुळें वरच्या अंगाचे तंतु उपटून टवके उडतात. ती किनार तंतूंना दाबून धरते आणि सनमायका चढविलेल्या तक्त्याची कडसुद्धां स्वच्छ निघते. पट्टीच्या पलीकडे पडणाऱ्या तुकड्याला मात्र हा आधार नसतो, म्हणून पट्टी नेहमीं ठेवावयाच्या तुकड्यावर असावी आणि टाकावयाचा तुकडा बाहेर.

ही कल्पना जर्मनींतली. फेझर आणि श्टोल या दोघांनीं १९२५ सालीं काढलेल्या कारखान्याला दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून ‘फेस्टो’ असें नांव पडलें. त्या कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत पट्टीवर चालणारी करवत बाजारांत आणली. पुढें २००० सालीं सुतारकामाच्या यंत्रांचा विभाग निराळा झाला आणि ‘फेस्टूल’ या नांवानें तीं यंत्रें मिळूं लागलीं. आज मकिता, बॉश, डिवॉल्ट, माफेल असे अनेक कारखाने तीं करतात.

विकत घेतांना बहुतेक लोक यंत्र आधीं पाहतात आणि पट्टी मागाहून. माझ्या मतें क्रम उलटा पाहिजे. यंत्रें बहुतेक एकाच मापाचीं असतात. पातें १६० किंवा १६५ मिलिमीटर, काप सुमारें ५५ मिलिमीटर खोल. फरक पडतो तो पट्टींत. चार फुटांची बाजू, म्हणजे १२२० मिलिमीटर, आडवी कापावयास १४०० मिलिमीटरची पट्टी पुरते, कारण यंत्राला पुढेंमागें टेकण्यापुरती जागा उरावी लागते. पण कपाटाच्या उभ्या बाजू काढावयास आठ फूट लांब काप घ्यावा लागतो. तेथें २४४० ची पट्टी कामाची नाहीं, २८०० तरी पाहिजे. तीन मीटरची अखंड पट्टी उत्तम, परंतु ती जुन्या घराच्या वळणाच्या जिन्यांतून वर नेणें हें स्वतंत्र कार्य होऊन बसतें. म्हणून १४०० च्या दोन पट्ट्या आणि त्या जोडावयाचे दांडे हाच गृहस्थाला सोईचा मार्ग. एका कारखान्याची पट्टी दुसऱ्याच्या यंत्राला चालेलच असें नाहीं. मकिता आणि फेस्टूल यांची खांच एकमेकांस जुळते, बॉश आणि माफेल यांची आपसांत जुळते, डिवॉल्टची रचना निराळी आहे. यंत्र एका घराण्याचें आणि पट्टी दुसऱ्या घराण्याची, असा विवाह पत्रिका पाहूनच करावा!

यंत्र निवडतांना पात्यामागें पोलादी जीभ आहे किंवा नाहीं हें विचारावें. कांहींना असते, कांहींना नसते, आणि असलेलें बरें. पात्याच्या दांत्यांची संख्या मोजावी. लाकूड उभ्या रेषांतून चिरावयास थोडे व मोठे दांते ठीक. प्लायवूड आणि सनमायका यांना ४८ च्या सुमारास बारीक दांते पाहिजेत. दुकानदार बहुधा यंत्राबरोबर एकच पातें देतो. दुसरें त्याच दिवशीं घ्यावें. किंमत मार्बल कटरच्या कित्येक पट पडते, ही गोष्ट लपविण्यासारखी नाहीं. एकाच खोलींतलें एक कपाट करावयाचें असेल तर मी हा खर्च सुचविणार नाहीं. सात कपाटांना, सहा दारांना आणि पुढच्या पिढीच्या दुरुस्त्यांना तो जड नाहीं.

पट्टी घरीं आली कीं प्रथम ती सरळ आहे ना, याची परीक्षा घ्यावी. गुळगुळीत तक्त्यावर पट्टीच्या धातूच्या कडेनें बारीक टोंकाच्या पेन्सिलीनें रेघ ओढावी. मग पट्टी उचलून तिचीं टोंकें डावीउजवीकडे अदलाबदल करावीं आणि तीच कड त्याच रेघेला दुसऱ्या बाजूनें लावावी. पट्टी सरळ असेल तर रेघ व कड एकजीव दिसतील. बाक असेल तर तो दुप्पट होऊन डोळ्यांत भरेल. शाळेंतल्या फूटपट्टीचीही परीक्षा मी मुलांकडून अशीच करवीत असें, आणि वर्गांतल्या निम्म्या फूटपट्ट्या नापास होत. दोन पट्ट्या जोडतांना टोंकाला टोंक घट्ट भिडवूं नये, कारण टोंकें काटकोनी कापलेलीं असतातच असें नाहीं; मध्यें किंचित् फट ठेवावी, एक लांब सरळ कड किंवा ताणलेली दोरी बाजूला लावून मगच स्क्रू आवळावे. यंत्राच्या वाटेंत दोरी पुन्हां आली ती अशी.

ती रबरी किनार कारखान्यांतून थोडी जास्त रुंद येते. जें यंत्र नेहमीं चालवावयाचें, तेंच पहिल्या फेरींत तिच्यावरून न्यावें, म्हणजे जास्तीचा भाग कापला जाऊन किनार त्या पात्याच्या मापाची होते. पण याचा अर्थ असा कीं, पट्टी त्या यंत्राशीं बांधली गेली. शेजाऱ्यांना पट्टी उसनी द्यावयाची झाल्यास यंत्रासकट द्यावी. नुसती दिली तर त्यांचें यंत्र किनार खाऊन टाकील आणि मग खुणा खोट्या ठरतील.

आतां थोडें गणित. १२२० मिलिमीटर रुंदीच्या तक्त्याचे चार सारखे भाग करावयाचे आहेत. ३०५ असें उत्तर लिहिणारा विद्यार्थी शाळेंत पूर्ण गुण मिळवील. सुतारकामांत त्याची चौथी फळी आंखूड पडेल. पातें स्वतः सुमारें दोन मिलिमीटर लाकूड खातें. चार भागांना तीन काप, म्हणजे सहा मिलिमीटर भुशांत गेले. उरले १२१४, आणि एक भाग ३०३.५ चा. पात्याची जाडी त्याच्या अंगावर लिहिलेली असते, ती पाहून हिशेब करावा आणि तो तक्ता कापण्यापूर्वीं कागदावर मांडावा. ज्या घरांत मुलें सातवी-आठवींत आहेत, तेथें हें काम त्यांना सांगावें.

पट्टी सरळ वाट दाखविते; काटकोन दाखवीत नाहीं, हें विसरूं नये. काटकोनासाठीं गुण्या आहेच, परंतु हातभर गुण्यावर आठ फुटांचा भरंवसा ठेवतां येत नाहीं. येथें बौधायनाची दोरी उपयोगी पडते. शुल्ब म्हणजे दोरी, आणि शुल्बसूत्रें हीं यज्ञवेदी आंखण्याचीं दोरीचीं शास्त्रें. महावेदीची पूर्वपश्चिम रेषा ३६ पदांची, आणि तिचे कोपरे १५, ३६ व ३९ या मापांच्या त्रिकोणानें साधतात. आपल्याला तक्त्यावर एका कडेनें ६० सेंटिमीटर, दुसऱ्या कडेनें ८० सेंटिमीटर खूण करून मधलें तिरकें अंतर बरोबर १०० भरतें का, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. कपाटाची चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजावे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तर मिस्त्रींना चहा द्यावयास हरकत नाहीं.

कापतांना तक्ता जमिनीवर किंवा मेजावर, पण संपूर्ण टेकलेला असावा. खालीं टाकाऊ लाकडाच्या तीन-चार पट्ट्या घालाव्या, म्हणजे दोन्ही तुकडे जागच्या जागीं राहतात आणि चीर मिटत नाहीं. दांते तक्त्याच्या खालीं दोन-तीन मिलिमीटरच उतरावे, जास्त नकोत. कांहीं यंत्रांच्या मोजपट्टींत गाइड रेलची जाडी धरलेली असते, कांहींत नसते. पहिला काप टाकाऊ तुकड्यावर घेऊन हें ठरवून टाकावें. गुळगुळीत सनमायकेवर पट्टी हातानें दाबून भागत नाहीं, दोन्ही टोंकांना क्लॅम्प लावावे.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबाला विशेष महत्त्वाची. काम घरांत चालतें आणि त्याच घरांत दमेकरी आजोबा व रांगतें मूल असतें. लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालच्या ग्रंथांत दिलेला आहे. प्लायवूडच्या सरसांत पुष्कळदां असणारें फॉर्मल्डिहाइडही पुढें त्याच वर्गांत गेलें. मार्बल कटर ही धूळ खोलीभर उधळतें. ट्रॅक सॉला मागें तोंड असतें. तेथें व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली कीं बरीचशी धूळ आंत जाते. सगळी नव्हे, म्हणून नाकावर चांगला मुखवटा पाहिजेच, आणि तो चालविणाऱ्याइतकाच तक्ता धरणाऱ्यालाही.

हिच्या मर्यादाही सांगतों. चार इंच बाय अडीच इंच सागवानी चौकटीचा ठोकळा ती एका फेरींत कापणार नाहीं. बारीक अरुंद पट्ट्या कापावयास ती अवघड, कारण पट्टीला टेकावयास जागाच उरत नाहीं. गोलाई तिला माहीत नाहीं. तयार दाराचा तळ अर्धा इंच कमी करावयाचा असेल, तर मात्र तिच्यासारखी दुसरी वस्तु नाहीं.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. झांकण असलेली साधी गोल करवत घ्यावी. सहा मिलिमीटर जाड प्लायचा एक लांब, रुंद तुकडा घेऊन त्यावर बारा मिलिमीटर जाड प्लायची अरुंद पट्टी सरसानें व स्क्रूनें बसवावी. तिची कारखान्यांतून आलेली सरळ कड करवतीच्या बाजूला असावी. करवतीचा तळ त्या कडेला लावून एक काप घेतला कीं खालच्या पातळ प्लायची जास्तीची रुंदी उडते, आणि उरलेली कड म्हणजेच आपल्या पात्याची वाट. मग ती कड खुणांवर ठेवून क्लॅम्प लावावे. यंत्र उंचवट्यावर बसत नाहीं, तेव्हां हातानें तें पट्टीला लावून धरावें लागतें, हा उणेपणा आहे; तरी उघड्या मार्बल कटरपेक्षां हें शतपट बरें.

आतां निवाडा. पट्ट्या दोन, त्यांचे जोड, क्लॅम्प, बारीक दांत्यांचें पातें आणि यंत्र हें घरानें घ्यावें. काम सुरू होण्यापूर्वींच मिस्त्रींशीं बोलावें, आणि प्लायवूडसाठीं मार्बल कटर या घरांत लागणार नाहीं ही अट मजुरीच्या दराबरोबरच ठरवावी. पहिले दोन दिवस काम हळू होईल, त्याची मजुरी कापूं नये. काम संपल्यावर त्यांना यंत्र हवें असल्यास योग्य किंमत धरून हिशेबांत वळतें करून द्यावें. घेतील असें मला वाटतें.

सूनबाईंनीं पत्राच्या शेवटीं आपल्या हातानें दोन ओळी जोडल्या आहेत : पुस्तकांचे दोन मांडे मी स्वतः कापले तर चालेल काय? अवश्य कापावे. केंस घट्ट बांधावे, हातांतल्या बांगड्या काढून ठेवाव्या, ओढणी किंवा पदर लोंबता नसावा, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावे. पात्याच्या सरळ मागें उभें न राहतां एका बाजूस उभें राहावें. पातें पूर्ण वेगांत आल्यावरच लाकडांत उतरवावें, चालू असतां मागें ओढूं नये, आणि थांबल्याचा आवाज ऐकल्याशिवाय दुसरा हात तक्त्याकडे नेऊं नये. पहिल्या दिवशीं मिस्त्रींनीं शेजारीं असावें, आणि व्हॅक्यूमची नळी थोरल्या बंधूंनीं धरावी.